भूक, लाज आणि एक अनोळखी आजार

"बाई, हे भरल्या पोटाचे चोचले. आपल्या पोरी खाल्लेले अन्न ओकून टाकतील? ज्यांच्या आज्यांनी शिळ्या तुकड्यासाठी दारोदार हाळी दिली, त्यांच्या नाती?"

आमच्या कोंडाण्यात एका संध्याकाळी बायकांच्या बैठकीत मी या आजाराचा विषय काढला, तेव्हा ओट्याच्या कडेला बसून ऐकत असलेल्या एका बुजुर्ग कार्यकर्त्यांनी मला असे मध्येच थांबवले. चळवळीत त्यांची चाळीस वर्षे गेली आहेत. त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. उलट एक प्रकारचा अभिमान होता. आपली माणसे उपाशी राहिली, पण अन्नाचा अपमान त्यांनी कधी केला नाही, असा. मला त्यांचा राग आला नाही. २०१८ सालापर्यंत मीसुद्धा नेमके हेच बोलले असते. पण आज मला ठाऊक आहे की हा आजार आपल्या वस्तीत लपून राहतो तो याच अभिमानाच्या आडोशाला.

आजाराचे नाव बुलिमिया नर्व्होसा. नाव परके आहे म्हणून आजार परका ठरत नाही. क्षयाचे आणि मधुमेहाचे परके नावही आपण कधीच आपलेसे केले आहे. आपल्याकडे जास्त खाणाऱ्याला 'भस्म्या झालाय' म्हणतात, 'बकासूर' म्हणतात. पण भस्म्या झालेला माणूस चारचौघांत खातो आणि लोक त्याला हसतात. बुलिमिया झालेली मुलगी चारचौघांत घास मोजून खाते. जे घडते ते रात्री, एकटीने, दार लावून घडते. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, ती एवढे अन्न खाते की एरवी त्या वेळात कोणी खाणार नाही. आणि खाताना 'आता थांबावे' हे तिच्या हातात राहत नाही. मग त्या अन्नाची भीती वाटते, स्वतःची किळस येते, आणि ते अन्न शरीरातून काढून टाकण्यासाठी ती ओकते, किंवा जुलाबाच्या गोळ्या घेते, किंवा दोन दिवस उपास करते, किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम करते. हे आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने चालले, आणि आपल्या देहाच्या आकारावरच आपली सारी किंमत ठरते असे तिला वाटू लागले, की डॉक्टर या आजाराचे निदान करतात.

लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली तीस रुग्णांच्या अभ्यासावरून या आजाराचे वर्णन केले आणि त्याला हे नाव दिले. म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीनेही हा आजार फार जुना नाही. पुढे इंग्लंडची राजकन्या डायना हिने १९९५ साली दूरचित्रवाणीवर आपल्याला तो झाल्याचे सांगितले. आपल्याकडे अभिनेत्री रिचा चढ्ढा यांनीही त्याविषयी जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखवले. या बायका बोलल्या हे चांगलेच झाले. परंतु त्यामुळे एक चित्र मनात पक्के बसले: राजवाडा, चित्रपट, पैसा, आरसा. त्या चित्रात कर्जत तालुक्यातल्या वाडीवरची, शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी कुठेच नव्हती.

ती मुलगी माझ्या भावाची. तिने हा मजकूर वाचला आहे आणि छापायला होकार दिला आहे. नाव मात्र मीच देत नाही.

बारावी झाल्यावर २०१७ साली ती शहरात शिकायला गेली, वसतिगृहात राहिली. दिवाळीला घरी आली तेव्हा वाडीवरच्या बायका म्हणाल्या, पोरीला शहराचे पाणी मानवले, गाल बघा कसे भरलेत. आम्हांला बरे वाटले. ते गाल भरलेले नव्हते, सुजलेले होते. कानाच्या पुढे आणि खाली लाळेच्या ग्रंथी असतात. वारंवार उलट्या होणाऱ्या माणसाच्या त्या ग्रंथी फुगतात, दुखत नाहीत, आणि चेहरा गोल दिसू लागतो. गालगुंड झाल्यासारखा, पण दोन्ही बाजूंना सारखा. ज्या समाजात पिढ्यान् पिढ्या गालफडे बसलेलीच माणसे पाहिली, तिथे गोल गाल म्हणजे सुख. आजाराच्या खुणेला आम्ही आरोग्याची खूण समजलो.

त्या दिवाळीत ती पंगतीत अर्धे घावन खाऊन उठायची. सकाळी मात्र भाताचे पातेले रिकामे सापडायचे. वहिनी म्हणाली, हॉस्टेलात उपाशी ठेवतात वाटते. जेवण झाले की ती लगेच मागच्या मोरीत जायची आणि बादलीवर बादली पाणी ओतल्याचा आवाज यायचा. मी अठ्ठावीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढीन. मी ते पाणी ऐकले आणि म्हटले, शहरात राहून पोरगी स्वच्छतेची झाली.

तिकडे वसतिगृहात मुलींच्या डब्यांतले लाडू, चिवडा, दुधाची भुकटी नाहीशी होऊ लागली. वसतिगृहात चोरी झाली की पहिली झडती कोणाच्या पेटीची होते, हे या पृष्ठांच्या वाचकांना मी सांगायला नको. सगळ्यांसमोर पेटी उघडली गेली. आत, मोज्यांमध्ये कोंबलेले बिस्किटांचे रिकामे कागद निघाले. तिच्यावर 'चोर' असा शिक्का बसला, आणि त्या शिक्क्यामागे जो दुसरा शिक्का असतो तोही बसला. खरे तर लपवलेले रिकामे कागद ही या आजाराची एक अगदी ठळक खूण. तिला खायला लाज वाटत होती, खाल्ल्याचा पुरावा ठेवायलाही लाज वाटत होती, आणि तो फेकायला जाताना कोणी पाहील याची भीती वाटत होती. पण तिथे आजार शोधायला कोणी आले नव्हते. चोर शोधायला आले होते, आणि तो त्यांना सापडला.

उन्हाळ्याच्या सुटीत शेजारणीने ओकारीचा आवाज ऐकला. लग्न न झालेली मुलगी ओकते म्हटल्यावर आपल्या समाजाला एकच अर्थ सुचतो. वहिनी तिला गुपचूप दूरच्या दवाखान्यात घेऊन गेली, लघवी तपासून आणली. काही नव्हते. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही. तिला काय झाले आहे हेही मग कोणी विचारले नाही. काय झालेले नाही एवढे कळल्यावर सगळ्यांचे समाधान झाले. पुढे दोन वर्षांनी ती मला म्हणाली, "आत्या, त्या दिवशी मला वाटलं, तेच निघालं असतं तर बरं. निदान त्याला नाव तरी असतं." एकदोघांनी 'बाहेरचे आहे, दाखवून आणा' असेही सुचवले, पण भावाने बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देऊन त्यांना वाटेला लावले. एवढे तरी शहाणपण आमच्या घरात उरले होते.

निदान केले ते दंतवैद्याने. २०१९ च्या जानेवारीत दात शिवशिवतात, थंड पाणी लागते म्हणून ती एका सरकारी रुग्णालयात गेली. तरुण दंतवैद्याने आरसा फिरवून वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू पाहिली. जठरातले आम्ल पुन्हा पुन्हा तोंडात आले की नेमकी ती बाजू झिजते. एनॅमल म्हणजे दातावरचे टणक कवच पातळ होते, दात पिवळट दिसतात, कडा काचेसारख्या पातळ होऊन तुटतात. त्या डॉक्टरांनी बरोबरच्या माणसांना बाहेर बसवले आणि आवाज न चढवता विचारले, "तुला वारंवार उलट्या होतात का? आपोआप होतात, की काढाव्या लागतात?" दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. ती तिथेच रडू लागली.

त्यानंतर मी वाचायला लागले. आपल्या माणसांच्या आजारावर वाचायचे म्हणजे आपल्या चुकांची यादी वाचायची.

पहिली गोष्ट कळली ती अशी की या आजाराचा रुग्ण बहुधा बारीक नसतो. वजन साधारण असते, कधी थोडे जास्तही. हाडे दिसत नाहीत म्हणून संशय येत नाही. दुसरी गोष्ट, हा आजार हावरेपणाने सुरू होत नाही. तो बहुधा उपासाने सुरू होतो. मुलगी ठरवते, आता कमी खायचे. शरीर काही दिवस सोसते, मग बंड करते. त्या बंडात ती बेभान खाते. मग भीती, मग ओकारी, मग शरम, मग उद्यापासून आणखी कडक उपास. चक्र पुरे झाले. वास्तविक ओकल्याने खाल्लेले सगळे बाहेर पडत नाही, आणि जुलाबाच्या गोळ्यांनी तर मुख्यतः पाणीच जाते. ज्या कारणासाठी ती हे करते ते कारणही साधत नाही. पण चक्रात अडकलेल्या माणसाला हिशेब पटत नसतो.

उपासमार माणसाच्या मनाचे काय करते याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात जायला नकार दिलेले हे तरुण होते. मनाने खंबीर म्हणूनच निवडलेले. काही आठवड्यांत ते दिवसरात्र फक्त अन्नाविषयी बोलू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटाला जपू लागले. पुढे भरपूर अन्न दिल्यावरही त्यांतले काही जण पोट दुखेपर्यंत खात राहिले. खाऊनही भूक शमेना. धडधाकट, सुशिक्षित पुरुषांचे चोवीस आठवड्यांत हे झाले. आपल्याकडे चोवीस आठवडे नव्हे, चोवीस पिढ्यांचा हिशेब आहे. अमेरिकेतच टेक्सासमधील सान अंतोनियो शहरात मोफत धान्य घ्यायला येणाऱ्या गरीब लोकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत अन्नाची टंचाई सर्वांत तीव्र, तिथेच बेभान खाण्याचे आणि मग ते भरून काढण्यासाठी शरीराला शिक्षा करण्याचे प्रमाण जास्त आढळले. भरल्या पोटाचे चोचले ही समजूत तिथे तरी मोडीत निघाली आहे.

महिन्याच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीचे पैसे आले की खायचे आणि ते थकले की पाणी पिऊन झोपायचे, हे आपल्या किती विद्यार्थ्यांचे वेळापत्रक आहे? शिष्यवृत्ती सहा-सहा महिने रखडते तेव्हा आपण मोर्चा काढतो, आणि तो काढलाच पाहिजे. पण रखडलेली शिष्यवृत्ती म्हणजे नुसती फी नव्हे. ते एका तरुण शरीराला शिकवलेले उपाशी-अधाशी असे आळीपाळीचे जगणे आहे, हेही मोर्च्याच्या निवेदनात लिहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

आता लाजेविषयी. जातीमुळे बुलिमिया होतो असे मी म्हणत नाही. असे सरळ सूत्र मांडणे खोटे होईल. या आजारात आनुवंशिकतेचा भाग असतो, लहानपणी झालेल्या छळाचा, लैंगिक अत्याचाराचा असतो, देहावरून झालेल्या चेष्टेचा असतो. फिजी बेटांच्या एका भागात दूरचित्रवाणी पोचली ती १९९५ साली. अॅन बेकर या संशोधिकेने तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली होती. वजन कमी करण्यासाठी ओकणारी एकही मुलगी तिला आढळली नव्हती. १९९८ साली तिथल्याच मुलींच्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के निघाले. ज्या समाजात भरल्या अंगाला मान होता तिथे पडद्यावरच्या बारीक अंगाने तीन वर्षांत एवढे केले. आपल्या मुलींच्या हातात तर आता पडदा चोवीस तास आहे, आणि त्यावर केवळ बारीक नव्हे, गोऱ्या आणि 'घरंदाज' देहाची जाहिरात चाललेली असते.

परंतु आपल्या मुलींच्या वाट्याला लाजेचा एक जादा घास येतो. दुसरीकडच्या मुलीला 'किती खाल्लेस' याची लाज वाटते. आपल्या मुलीला 'काय खाल्लेस' याचीही वाटायला लावली जाते. डब्यात सुकट असली की नाक मुरडणे, 'तुमच्यात ते चालते ना' हा हसत विचारलेला प्रश्न, पंगतीत थोडे अंतर ठेवून बसणे. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन आलेल्या सत्याग्रहींवर हल्ला झाला तो ते जेवत असताना. त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले. अन्नावरचा तो हल्ला आता लाठ्यांनी होत नाही, नजरेने होतो. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून आपल्या ताटाचा इतिहास उजळ माथ्याने मांडला. पण वसतिगृहाच्या खोलीत एकट्या पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या हाती ते पुस्तक असते असे नाही.

या लाजेने उपचारात कसा अडसर आणला ते मी डोळ्यांनी पाहिले. बुलिमियावर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपचार म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धतशीर बोलण्याची चिकित्सा. साधारण पाच महिने, आठवड्याला एक बैठक. तिचा पाया म्हणजे एक वही. रुग्णाने दिवसभरात काय खाल्ले, केव्हा खाल्ले, त्या वेळी मनात काय होते, हे जसेच्या तसे लिहायचे. माझी भाची पहिले तीन आठवडे वहीत खोटे लिहीत होती. किती खाल्ले ते ती खरे लिही. काय खाल्ले ते खोटे. वरण-भात, पोळी-भाजी, कोशिंबीर. घरी तर आठवड्यात चार दिवस तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी दिलेल्या छापील तक्त्यात पोळी, पनीर आणि अंकुरित धान्य होते. आपले अन्न त्या कागदावर नाहीच, म्हणजे ते सांगण्यासारखे नसणार, असे तिने ठरवले. चौथ्या आठवड्यात मी वही चाळली आणि विचारले, "अगं, आपल्याकडे पोळी कधी झाली?" ती गप्प. मग मी बाईंना जाऊन सांगितले. त्या क्षणभर ओशाळल्या आणि तक्ता बाजूला ठेवून म्हणाल्या, तुझ्या घरचेच लिही. सुकट, नाचणी, वालाचे बिरडे, रविवारचे मटण. त्या दिवसापासून उपचार खरा सुरू झाला असे मी मानते. जी मुलगी आपल्या ताटाचे नाव उच्चारू शकत नाही ती आपल्या आजाराचे नाव कसे उच्चारणार?

खुणांविषयी मी वर ओघात लिहिले. काही राहिल्या त्या सांगते, कारण शिक्षकांच्या आणि वसतिगृहाच्या कार्यकर्त्यांच्या त्या उपयोगाच्या आहेत. हात पाहा. घशात बोटे घालणाऱ्याच्या बोटांच्या मुळांशी, मागच्या बाजूला, वरच्या दातांनी घासून घट्टे किंवा व्रण पडतात. रसेल यांनी ही खूण १९७९ सालीच नोंदवली होती आणि आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. माझी भाची विचारले की 'चुलीचा चटका' म्हणायची. मात्र हात स्वच्छ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. काही दिवसांनी पुष्कळांना बोटांची गरजच उरत नाही. डोळ्यांत लाल डाग, बसलेला आवाज, सारखा घसा दुखणे, अनियमित पाळी, पायांत गोळे येणे, उभे राहताना चक्कर. यांतले एखादे लक्षण कोणालाही असू शकते. पण जेवणानंतर दर वेळी नळ सोडून मोरीत जाणे, सहभोजन चुकवण्यासाठी नवी नवी कारणे, हातउसने घेतलेल्या पैशांचा हिशेब न लागणे, आणि यांच्या जोडीला वरची दोनतीन लक्षणे जुळली, तर डोळेझाक करू नये. उपासाचेही तसेच. व्रतवैकल्ये आपण सोडली; पण उपासाला मान देण्याची सवय सुटली नाही. 'पोरगी दोन दिवस पाण्यावर आहे' हे कौतुकाने सांगण्यासारखे नाही.

मुलांनाही हा आजार होतो, कमी प्रमाणात. आणि ते तर त्याहून गप्प. पोलिस आणि सैन्यभरतीच्या तयारीतली आपली मुले पहाटे चौक ते कर्जत रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांतला एखादा खाल्ल्याचे पाप फेडल्यासारखा ताप असतानाही धावत असेल, एक दिवस चुकला तर सैरभैर होत असेल, तर ती जिद्द नसेलही.

ओकण्याने आणि जुलाबाने रक्तातले पोटॅशियम घटते. हृदयाचे ठोके ज्या क्षारांच्या तोलावर पडतात त्यांतला हा एक. तो फार घटला तर ठोक्यांची लय बिघडते, आणि दिसायला धडधाकट असलेली मुलगी अचानक दगावू शकते. म्हणून छातीत धडधड, भोवळ येऊन पडणे, उलटीतून रक्त, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवीही पहिली तपासणी रक्ताची व्हावी आणि मग मनोविकारतज्ज्ञाची. जिल्हा रुग्णालयात दाखवता येते. जिथे तेही दूर, तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. प्रौढ रुग्णांना काही वेळा फ्लुओक्सेटिन हे औषध देतात, ते डॉक्टरांनी सांगितले तरच आणि तेवढेच. एक बारीक गोष्ट दंतवैद्याने सांगितली ती बहुतेकांना ठाऊक नसते: उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ झालेले कवच ब्रशने निघून जाते. नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरावी.

बोलावे कसे? जेवणाच्या ताटावर तर मुळीच नाही. समोर बसवून जाब विचारल्यासारखेही नाही; त्या मुलीने झडत्या पुष्कळ दिलेल्या असतात. माझे तिच्याशी पहिले खरे बोलणे झाले ते कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर. पाऊस नव्हता, शहरी पर्यटकांची गर्दी नव्हती. शेजारी-शेजारी चालताना एकमेकींच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, म्हणून बोलणे सोपे जाते. मी म्हटले, "जेवल्यावर तू मोरीत जातेस ते मला माहीत आहे. मी रागावले नाही. मला कळायला उशीर झाला." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "घाण वाटते ना माझी?" मी नाही म्हटले. एवढेच. 'अन्नाची किंमत नाही तुला', 'तुझ्या आजीने काय दिवस काढले', ही वाक्ये माझ्या ओठांवर आली होती. ती मी गिळली. खरी असूनही ती वाक्ये त्या क्षणी विष होती. तिला ती पाठच होती. रोज रात्री ती स्वतःला तीच ऐकवत होती. 'जाड झालीस' म्हणू नये हे सगळ्यांना कळते. 'आता छान बारीक झालीस' असेही म्हणू नये, हे उशिरा कळते.

लेण्याशी आम्ही टेकलो. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते चैत्यगृह. कण्हाचा शिष्य बलक याने ते केले अशा अर्थाचा ब्राह्मी लेख तिथे आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितलेला प्रसंग मला तिथे आठवला. देहाला उपाशी ठेवून ठेवून गौतमाचा सांगाडा उरला. काही हाती लागले नाही. मग त्याने सुजातेने दिलेले अन्न घेतले. अन्न घेतले म्हणून त्याचे पाच सोबती त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले. हा प्रसंग आपण वैशाखी पौर्णिमेच्या भाषणात घाईने उरकतो. तिला मी तो सांगितला तेव्हा तिने विचारले, "ते पाच जण त्याला काय म्हणाले असतील?" मी म्हटले, तुझ्या वसतिगृहातल्या पोरी म्हणाल्या तेच, थोड्याफार फरकाने. ती हसली. बऱ्याच महिन्यांनी.

उपचाराचा गाभा ऐकायला फार साधा आहे. दिवसात तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनतीन वेळा थोडे खाणे, भूक असो-नसो, ठरल्या वेळी. उपास बंद. चक्र तुटते ते ओकणे थांबवून नव्हे, आधी उपाशी राहणे थांबवून. घरच्यांना हे पटायला जड गेले. 'एवढं खाते म्हणूनच तर आजारी आहे, आणि डॉक्टर आणखी खायला सांगतात?' असे माझा भाऊ म्हणाला. रोजंदारीच्या घरात सहा वेळचे खाणे कोठून आणायचे हाही प्रश्न होताच. उकडलेले रताळे, मूठभर भुईमूग, नाचणीची आंबील, केळे यांवर आम्ही ते भागवले.

आणि जेवणानंतरचा पाऊण तास कोणीतरी तिच्यासोबत असायचे. पहारा म्हणून नव्हे. तिनेच तसे मागितले होते. हिवाळ्यात आम्ही ओट्यावर बसून वाल सोलायचो. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते आणि ती दर दोन मिनिटांनी मोरीच्या दाराकडे पाहत होती. वहिनीने तिच्या पुढ्यात वालाची आणखी एक टोपली सरकवली.

वर्षभराने ओकणे जवळजवळ थांबले. परीक्षेच्या दिवसांत दोनदा पुन्हा झाले, तेव्हा तिने स्वतः फोन करून सांगितले. दातांचे नुकसान भरून येत नाही. पुढच्या दोन दातांवर टोप्या बसवाव्या लागल्या. त्या वसतिगृहातल्या चोरीची नोंद कोणी खोडली नाही. आता ती नोकरी करते. सुटीला येते तेव्हा डब्यातून कर्जत स्टेशनवरचे वडापाव आणते, आमच्यात बसून खाते, आणि जेवण झाले की वाल असोत-नसोत, ओट्यावर येऊन बसते.